मालन नसलेलं टोर्शाव्न

१९ ऑक्टोबर

घरामागच्या खोपीत मांस वाळायला टांगलं. एकट्याने. दरवर्षी हे काम माझी बायको मालन करायची आणि मी बोटीवर असायचो, त्यामुळे गावात असा समज आहे की तुम्मसला यातलं काही कळत नाही. जन्मभर नोल्सोय बेटाची फेरीबोट चालवली मी. वारा म्हणजे काय हे मला कोणी शिकवू नये. मेंढीची मांडी आकड्याला अडकवायची, दार लावायचं, बाकीचं वारा करतो आणि नाताळच्या सुमारास मांस मुरतं. यात बायकांनी एवढं गूढ काय करून ठेवलंय, समजत नाही.

शेजारची एल्सपा कुंपणापाशी उभी राहून बघत होती. म्हणाली, फार जवळजवळ टांगलंस, त्यांनाही श्वास घ्यायला जागा लागते. मी म्हटलं, मेलेल्या मेंढीला कसला श्वास? ती म्हणाली, मेलेल्यांचा श्वास कोंडला तर जिवंतांना त्रास होतो, आणि घरात निघून गेली. एकटं राहून राहून म्हातारी विचित्र झाली आहे.

२३ ऑक्टोबर

वायव्येचा वारा. दिवसभर खोपीत कोणीतरी गुणगुणत होतं.

म्हणजे वाराच. खोपीच्या फळ्यांमध्ये बोट जाईल एवढ्या फटी असतात, वारा आरपार जातो, जाताना आवाज होतो. शाळेतल्या मुलालाही कळेल. फक्त सूर ओळखीचा होता. मांस टांगताना, बटाटे सोलताना, विणताना मालन तोंड मिटून एकच सूर धरायची. चढत चढत जायचा आणि मध्येच तुटायचा. शब्द नसायचे. तोच.

माझा भुताखेतांवर विश्वास नाही. हवामानाची नोंद म्हणून लिहून ठेवलं.

२५ ऑक्टोबर

वारा तोच. सूर तोच.

दुपारी खोपीच्या फटींवर आतून फळ्या ठोकून टाकल्या. चारही बाजूंनी. मांजरांचा फार सुळसुळाट झाला आहे.

एल्सपाने विचारलं, कुठली मांजरं? मी म्हटलं, दिसत नाहीत हीच तर पंचाईत आहे.

२७ ऑक्टोबर

खोपी एकदम गप्प. उपाय लागू पडला.

सूर आता जिन्यातून येतो. वरच्या खोलीच्या दाराखाली फट आहे, तिथे जुना टॉवेल कोंबला. मग स्वयंपाकघराच्या किल्लीच्या भोकातून आला. तिथे कापूस घातला. लाकडी घरांचं असंच असतं, एक भोक बुजवलं की दुसरं बोलतं. हिवाळ्याच्या तोंडावर सगळी फटभोकं बुजवून घेतलेली बरी, नाही तरी घर तापवणारे गरम पाण्याचे नळ थंडीला किती पुरे पडणार.

सकाळी टेबलावर दोन कप मांडले गेले. पाहुण्यांची सवय असावी माणसाला.

११ नोव्हेंबर

सुन्नवाचा फोन. माझी मुलगी, डेन्मार्कमध्ये आरहूसला असते. एप्रिलमध्ये आई गेली तेव्हा तिला पोचवायला आली होती, त्यानंतर पहिल्यांदाच येते आहे. सहा डिसेंबरला सकाळच्या विमानाने येणार आणि दुसऱ्या दिवशी परत. बरोबर येपे. येपे म्हणजे तिचा होणारा नवरा, डॅनिश, उंच, फार बोलत नाही. आमचं हे बेटावरचं शहर, टोर्शाव्न, त्याने पाहिलेलं नाही. सुन्नवा म्हणाली, बाबा, एका दिवसात काय दाखवाल ते दाखवा.

काय दाखवाल म्हणे. हे शहर मला तळहातासारखं पाठ आहे.

फोन ठेवल्यावर सगळं स्पष्ट झालं. येपे शहराच्या प्रेमात पडला पाहिजे. तो पडला की सुन्नवाला विचारायचं, पोरी, परत ये. वरचा मजला तुमचा. मी खाली राहीन, मध्ये मध्ये करणार नाही. एवढंच विचारायचं आहे. तिने हो म्हटलं तर घरात माणसांचे आवाज येतील. मला दुसरं काही नको.

प्रश्न साधा आहे. फक्त योग्य जागी आणि योग्य वेळी विचारायला हवा.

२० नोव्हेंबर

रूट ठरवतो आहे. जाणकार माणूसच हे करू शकतो, कारण काय दाखवायचं यापेक्षा काय वगळायचं हे महत्त्वाचं.

जुनी वस्ती वगळली. काळी लाकडी घरं, छपरावर गवत, सगळे पर्यटक तेच बघतात. शिवाय तिथले दगड निसरडे आहेत. (मालन तिथे दर मंगळवारी गाणी म्हणत करायच्या गोल नाचाला जायची, पण त्याचा याच्याशी संबंध नाही.) बंदरावरचा धक्का वगळला, फार वारा असतो. मी संध्याकाळची शेवटची फेरी घेऊन आलो की मालन त्या धक्क्यावर पायऱ्यांपाशी उभी असायची. पोहण्याचा तलाव वगळला, क्लोरीनचा वास. झाडांची बाग वगळली, झाडं काय डेन्मार्कमध्येही आहेत. लोकरीचं दुकान वगळलं. चर्च वगळलं. चर्चमागची टेकडी तर प्रश्नच नाही.

उरलं ते असं: रिंगरोडवरचा पेट्रोल पंप. वीज केंद्र. कंटेनरचं गोदाम. मॉलचं पार्किंग. आणि समुद्राखालच्या बोगद्यातला चौक, जिथे समुद्राच्या तळाखाली तीन रस्ते एकत्र येतात.

हेच खरं, चालतंबोलतं शहर. प्रश्न चौकात विचारायचा. समुद्र डोक्यावर असताना माणूस नाही म्हणत नाही.

२८ नोव्हेंबर

वरची खोली रंगवली. पिवळा रंग. सुन्नवाला निळा आवडायचा की पिवळा हे मालनला माहीत होतं. कुलूप लावून ठेवलं आहे. आधी प्रश्न, मग उत्तर, मग एकदम दार उघडायचं. काहीतरी सरप्राइज हवंच.

जिन्याखाली मालनच्या सपाता असतात. त्या रोज भिंतीकडे तोंड करून ठेवतो. आज रंगाचा डबा घेऊन उतरलो तर दाराकडे तोंड करून होत्या, कोणी आत्ताच पायातून काढाव्यात तशा. मीच ठेवल्या असतील. जिन्यातच बसून राहिलो बराच वेळ. घरात इतकं शांत होतं की कोणीतरी श्वास रोखून उभं आहे असं वाटत होतं, आणि मला हाक मारायची भीती वाटली. मारली नाही.

एल्सपाला सगळा प्लॅन सांगितला. ती म्हणाली, मग आत्ताच फोन करून विचार की. मी म्हटलं, असे विषय फोनवर नसतात. ती म्हणाली, तुम्मस, ताकाला जाऊन भांडं कशाला लपवतोस? मी म्हटलं, भांडं लपवत नाही, योग्य वेळी काढणार आहे. ती म्हणाली, तोवर गवळण घरी जाईल.

५ डिसेंबर

खोपीचं दार उघडलं. वास जबरदस्त. डोळ्यांतून पाणी आलं. याचा अर्थ मांस उत्तम मुरलं आहे. मालनच्या वेळी एवढा वास कधीच आला नव्हता, म्हणजे तिला जे वर्षानुवर्षं जमलं नाही ते मला पहिल्या फटक्यात जमलं. मांडीवर हिरवट लव आहे. ती असतेच बहुतेक.

उद्या संध्याकाळी तेच शिजवणार.

६ डिसेंबर, सकाळ

विमानतळावर वेळेआधी पोचलो. पाऊस आडवा, नेहमीसारखा. सुन्नवा वाळली आहे. तिने मिठी मारली आणि माझ्या कोटाच्या कॉलरमध्ये नाक घालून उभी राहिली, लहानपणी बोटीवर यायची तेव्हा करायची तशी. तिथेच विचारावं असं क्षणभर वाटलं होतं. पण योग्य जागा ठरलेली आहे, बदलायची नाही.

येपेला मी बजावलं, आमच्या मांसाचा वास पहिल्यांदा भयंकर वाटतो, घाबरायचं नाही. तो म्हणाला, तुम्मस, मी सगळं खातो. मुलगा चांगला आहे.

६ डिसेंबर, अकराच्या सुमारास

पेट्रोल पंपाच्या संडासात बसून लिहितो आहे. दोन मिनिटं एकांत हवा होता.

सुरुवात ठीक होती. येपेने पंपाचे फोटो काढले. मी त्याला सांगितलं की पूर्वी इथे काहीच नव्हतं. तो म्हणाला, अच्छा. आत कॉफी घेतली. गल्ल्यावरच्या मुलीने सुन्नवाकडे बघून विचारलं, तू कुणाची गं? आपल्याकडे नाव नंतर, आधी कुणाची ते विचारतात. मी पटकन सांगितलं, माझी, फेरीबोटवाल्या तुम्मसची. मुलीने कपाळाला आठ्या घातल्या. सुन्नवा म्हणाली, मालनची. तर ती मुलगी एकदम उजळली, म्हणाली, अगं, हा स्वेटर त्यांनीच विणलाय, आणि बाही पुढे केली. सुन्नवाने ती बाही दोन्ही हातांत धरली. नक्षीवरून बोट फिरवत राहिली. मागे लोक थांबले होते.

पंपावर मालन येईल हे ध्यानात नव्हतं. पुढची ठिकाणं सुरक्षित आहेत.

६ डिसेंबर, दुपार

वीज केंद्राच्या फाटकावरचा पहारेकरी मालनबरोबर गोल नाचात असायचा. अर्धा तास बोलला. म्हणाला, सहाशे ओळींचं गाणं ती न अडखळता म्हणायची, आता आम्ही मध्येच अडकतो आणि सगळे गोल उभे राहून एकमेकांकडे बघतो.

कंटेनरच्या गोदामात कोणी नव्हतं. पंधरा मिनिटं कंटेनर बघितले. येपे म्हणाला, बरेच आहेत. सुन्नवाने विचारलं, बाबा, जुन्या वस्तीत कधी जायचं? मी म्हटलं, रस्ता बंद आहे. तेवढ्यात जुन्या वस्तीकडून येणारी लाल बस आमच्या समोरून गेली.

मॉलच्या पार्किंगमध्ये लोकरीच्या दुकानाची बाई भेटली. दुकान वगळता येतं, दुकानवाली वगळता येत नाही. म्हणाली, तुम्मस, मालनने सांगून ठेवलेली लोकर अजून बाजूला ठेवली आहे, निळी, मुलीच्या खोलीतल्या पांघरुणासाठी म्हणाली होती. कधी नेतोस? मी म्हटलं, बघू.

म्हणजे निळा.

या शहरात माणसं फार कमी आहेत. मोठ्या शहरात माणूस मरतो तेव्हा मरतो. इथे तो दर वळणावर भेटतो आणि तुझं कसं चाललंय विचारतो. मला दम लागला होता. गाडीची काच खाली केली तर गुणगुणणं आत आलं, म्हणून पुन्हा वर केली.

६ डिसेंबर, तीन वाजता, अंधार पडला

चौक झाला. गाडी रस्त्याकडेला आहे.

बोगद्यात उतरताना मी येपेला माहिती दिली. खोली किती, खडक कसा, पाणी कसं उपसतात. तो लक्ष देऊन ऐकत होता, मान हलवत होता. एक-दोन ठिकाणी माझी आकड्यांत गफलत झाली असावी, कारण तो हसला, पण दुरुस्त केलं नाही. चौक आला. मधल्या खडकाला निळे-हिरवे दिवे, भोवती लोखंडी माणसं हातात हात धरून नाचताहेत. ही माणसं मी विसरलो होतो. मी एक फेरी मारली. येपे खूश. दुसरी मारली. तिसऱ्या फेरीला विचारायचं असं ठरवलं. तिसरीला पाणी कसं उपसतात ते पुन्हा सांगितलं, म्हणून चौथी. मागून ट्रकवाला हॉर्न देत होता.

तेव्हा मागच्या सीटवरून सुन्नवा म्हणाली, आई इथे कधी आली नव्हती, हो ना?

नव्हती आली. बोगदा झाला तेव्हा अख्खं गाव बघायला गेलं, मालन नाही. म्हणाली, ज्या समुद्रावरून नवरा जातो त्याच्या खालून मी जाणार नाही. मी रिटायर झाल्यावरही नाही आली. हे मी सुन्नवाला सांगितलं. ती म्हणाली, कळलं. एवढंच. मी पाचवी फेरी मारली, कारण बाहेरचा रस्ता चुकला. शहर तळहातासारखं पाठ असलेला माणूस समुद्राच्या तळाखाली गोल गोल फिरतो आहे, लोखंडी नाचणारे जाताहेत येताहेत, आणि मला खात्री वाटू लागली की त्यांच्यात एक जागा मोकळी आहे आणि पुढच्या फेरीला ती भरलेली दिसेल. मी बघितलंच नाही.

वर आल्यावर सुन्नवाने चर्चमागच्या टेकडीपाशी गाडी थांबवायला लावली. दोघं उतरले. म्हणाली, बाबा, येताय? मी म्हटलं, इथे पार्किंगचा नियम आहे, गाडी सोडता येत नाही.

तसा नियम नाही. ते अजून वर आहेत. छोटा कंदील नेला आहे तिने, आईपाशी ठेवायला विमानातून आणलेला. पावसातून उजेड दिसतो, मध्येच जातो, परत दिसतो. मी तिकडे पाठ करून बसलो आहे.

प्रश्न जेवताना विचारणार. पोट भरलेलं असताना उत्तरं चांगली येतात.

६ डिसेंबर, जेवणानंतर

जेवण झालं नाही.

सुन्नवाने एल्सपाला बोलावलं होतं, मला न विचारता. मी मांडी शिजवून टेबलावर ठेवली. वास घरभर. येपेला मी सकाळी बजावलंच होतं, त्यामुळे त्याने मोठा तुकडा घेतला, डोळे मिटले आणि तोंडाजवळ नेला. चेहरा पांढराफटक, पण हार मानेना. एल्सपाने त्याचा हात धरला. म्हणाली, थांब रे पोरा. हे मुरलेलं नाही. हे सडलंय.

मी म्हटलं, वास असाच असतो. ती म्हणाली, तुम्मस, माझं नाक तुझ्या बोटीपेक्षा जुनं आहे. सुन्नवाने वास घेतला, ताट बाजूला सारलं आणि टॉर्च घेऊन सरळ खोपीत गेली. आम्ही मागे. आत उजेड फिरवला तर चारही भिंतींना फळ्या, खिळ्यांवर खिळे. येपेने मला विचारलं, वारा कुठून येतो? डॅनिश माणसालासुद्धा कळलं.

एल्सपा हसायला लागली. म्हणाली, वाऱ्याचं घर बांधलं आणि वाऱ्यालाच बाहेर ठेवलं. हे आमच्या गावात आजवर एकाही गाढवाने केलं नव्हतं. येपेलाही हसू आवरेना. सुन्नवा हसली नाही. तिने विचारलं, का ठोकल्या? मी म्हटलं, मांजरं. मग तिने हातोडी उचलली आणि फळ्या उखडायला सुरुवात केली. येपे मदतीला गेला. मी म्हटलं, राहू द्या, उद्या काढू. कोणी ऐकलं नाही.

दुसरी फळी निघाली आणि सूर आला. चढत गेला. तुटला. परत आला.

मी तिथेच खाली बसलो, मांसाच्या वासात. सुन्नवाला सांगितलं. म्हटलं, ही तिचीच गुणगुण आहे, ऑक्टोबरपासून चालली आहे, मला झोप नाही, मी कुठे जाऊ. असं सगळं त्या येपेसमोर बोललो. सुन्नवाचा हात हातोडीवर तसाच राहिला. तीही ऐकत होती.

एल्सपा म्हणाली, अरे मूर्खा, ही खोपी आधीपासून अशीच वाजते. तुझ्या आईच्या वेळीही वाजायची. मालन लग्न होऊन सांदोय बेटावरून आली तेव्हा पहिल्या हिवाळ्यात रडत माझ्या दारात आली होती, खोपीत कोणीतरी आहे म्हणून. तू बोटीवर. मी तिला म्हटलं, कोणी नाही, वारा आहे. पण एकटीला भीती वाटायची. म्हणून ती त्याच्याबरोबर सूर धरायची. म्हणायची, दोघांचा आवाज झाला की भीती कमी होते. मग सवयच लागली तिला, आणि तू घरी असलास की तुला तिचाच आवाज ऐकू यायचा. हा सूर तिचा नाही, तुझ्या खोपीचा आहे. तुला कसं माहीत असणार, तू घरी होतास कधी?

मेलेली मालन मला घाबरवते आहे असं मी समजत होतो. ती जिवंत असताना याच घरात एकटी घाबरत होती, आणि मला पत्ता नव्हता. ती रोज धक्क्यावर का येऊन उभी राहायची, तेही आता कळतं आहे. मला वाटायचं बोटीची हौस.

शेवटी सगळ्यांनी ब्रेड आणि चीज खाल्लं. कोणाला भूक नव्हती. अशा वातावरणात प्रश्न विचारणं बरं दिसलं नसतं. सुन्नवा वर जायला निघाली, तिच्या खोलीचं कुलूप बघून थबकली, मी म्हटलं, तिथे सामान भरलंय, तुमचं अंथरूण बैठकीत घातलंय. सरप्राइज आज नको होतं. उद्या विमानतळावर निवांत विचारतो.

७ डिसेंबर

विमानतळ. येपेने हात मिळवला आणि बराच वेळ सोडला नाही. सुन्नवा आत जायच्या रांगेतून परत आली. म्हणाली, बाबा, काही म्हणायचं होतं का तुम्हाला?

मी म्हटलं, सीट बेल्ट नीट लाव, वारा आहे.

ती म्हणाली, हो, लावते. गेली.

विमान वेळेवर सुटलं. फोन कशाला असतो. परवा करतो, तोवर ती जरा स्थिरस्थावर होईल.

९ डिसेंबर

फोन केला. या वेळी प्रस्तावना नाही, आडपडदा नाही. म्हटलं, सुन्नवा, तुम्ही दोघं इथे राहायला या. वरचा मजला रंगवून ठेवला आहे.

लाइन गेली असं वाटून मी दोनदा हॅलो म्हटलं.

मग म्हणाली, बाबा, आम्ही तेच विचारायला आलो होतो.

येपे बोगद्यांचा इंजिनियर आहे. आपल्याकडच्या नव्या बोगद्याच्या कामावर त्याला बोलावलं होतं, सोमवारपर्यंत उत्तर द्यायचं होतं. शहर बघायचं ते त्यासाठी. माझ्याकडे राहता येईल का हे विचारायचं ठरवून ते आले होते. ती म्हणाली, मी दिवसभर वाट बघत होते, तुम्ही एकदा तरी म्हणाल म्हणून. तुम्ही आम्हाला पेट्रोल पंप दाखवला. आई जिथे जिथे होती तिथे नेलं नाही. माझ्या खोलीला कुलूप. खोपीला खिळे. किल्लीच्या भोकात कापूस होता, बाबा. मला वाटलं, तुम्हाला आता आधीचं काही नको आहे. आईचं नको, म्हणजे मीही त्यातच आले. असं माणूस तोंडाने विचारत नाही, बघून समजून घेतं. येपेने सोमवारी नकार कळवला.

मी म्हटलं, मग आता हो कळवायला सांग. ती म्हणाली, काल त्याने आरहूसच्या कामावर सही केली. इथली जागाही दुसऱ्या कोणाला दिली. ती रडत होती. मी म्हटलं, रडू नको, हवा चांगली आहे इकडे. का म्हटलं ते माहीत नाही. ती म्हणाली, नाताळला तुम्ही या. मी म्हटलं, बघतो, खोपीकडे लक्ष द्यायला कोणी नाही.

खोपी रिकामी आहे.

येपेला बोगद्याची माहिती दिली मी. खोली किती, खडक कसा.

१४ डिसेंबर, दुपार

हे मालनला सांगायलाच हवं होतं. कोट घातला आणि चर्चमागच्या टेकडीवर गेलो. एप्रिलनंतर पहिल्यांदा. फाटकातून आत शिरलो आणि कुठल्या बाजूला वळायचं कळेना. त्या दिवशी मी फक्त माझ्या बुटांकडे बघत चाललो होतो. थडग्यांच्या सगळ्या ओळी सारख्या, सगळ्या ठिकाणी कंदील, आणि तिचा दगड तर अजून बसलेला नाही कारण मी सांगितलेलाच नाही. दोन बायका फुलं ठेवत होत्या. त्यांना विचारणार होतो, पण काय विचारणार? माझी बायको कुठे आहे?

टेकडी उतरलो. एल्सपाच्या दारावर टकटक केलं. ती पीठ मळत होती. मी म्हटलं, जरा रस्ता दाखवतेस का? तिने कुठला ते विचारलं नाही. हात धुतले, ॲप्रनवरच कोट चढवला आणि माझ्या पुढे चालू लागली. वर पोचल्यावर बोटाने दाखवलं आणि भिंतीपाशी जाऊन आमच्याकडे पाठ करून उभी राहिली.

सुन्नवाचा कंदील विझला होता. मी पेटवला, वाऱ्याने विझला, परत पेटवला. मग मालनला सांगितलं की पोर येणार होती, आता येत नाही. माझ्यामुळे, हे सांगायचं राहिलं. वारा फार होता. उद्या सांगतो.